दीडपट

मी बडोद्याचा. घरात मराठी, साइटवर गुजराती आणि हिशेब इंग्रजीत, असं माझं आयुष्य. इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतो. आज तुमच्याशी एकाच आकड्याबद्दल बोलणार आहे: दीड.

भूकंपासाठी आपल्याकडे आयएस 1893 ही संहिता आहे. तिच्या 2016च्या आवृत्तीप्रमाणे इमारतीच्या हिशेबात एक गुणक घ्यावा लागतो. आम्ही त्याला इम्पॉर्टन्स फॅक्टर म्हणतो. साध्या घराला 1. दोनशेहून जास्त माणसं असतील अशा निवासी किंवा व्यापारी इमारतीला 1.2. हॉस्पिटलला 1.5. म्हणजे जमीन तीच, मजले तेवढेच, तरी हॉस्पिटल घराच्या दीडपट भूकंपबल धरून बांधायचं. भूकंपानंतर घरातली माणसं मैदानात येऊन बसतील. हॉस्पिटलचं काम मात्र तेव्हाच सुरू होतं.

26 जानेवारी 2001ला भुजमध्ये सरकारी रुग्णालयच कोसळलं. जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. त्याच्या जागी जे नवं उभं राहिलं, ते शिसं आणि रबराच्या बेअरिंगवर बसवलंय, म्हणजे जमीन हलली तरी वर धक्का कमी पोहोचतो.

पण तुम्ही-आम्ही आजारी पडलो की कुठे जातो? कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये. खाली पार्किंग, वर दोन मजले दवाखाना, त्याच्या वर लोक राहतात. ही इमारत कागदावर काय आहे? निवासी. गुणक 1.

आता कबुली देतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका इमारतीसाठी एका डॉक्टरांना पत्र हवं होतं. ‘साहेब, फक्त स्लॅब भार घेईल एवढंच लिहा.’ मी हिशेब केला. गंमत बघा, संहितेत वॉर्डचा भार घराच्या खोलीइतकाच धरतात, चौरस मीटरला साधारण 200 किलो. ऑपरेशन थिएटरला 300. तेवढं बसत होतं. मी सही केली. पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. आडव्या बलाबद्दल, म्हणजे भूकंपाबद्दल, त्यांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारती पडल्या, त्या मी स्वतः जाऊन पाहिल्या होत्या. वर भिंती, खाली नुसते कॉलम. सगळा ताण त्या कॉलमवर.

तिथे आता नवजात बाळांचा विभाग आहे.

गेल्या वर्षी मी स्वतःहून डॉक्टरांकडे गेलो. ते आधी चिडले, साहजिक आहे. मग म्हणाले, ‘गुणक वाढवला की झालं ना?’ नाही झालं. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल 1971च्या भूकंपात मोडलं, तेव्हा ते अगदी नवं होतं. जिन्यांचे मनोरे मूळ इमारतीपासून सुटून पडले. पुन्हा भक्कम बांधलं. 1994च्या भूकंपात सांगाडा टिकला, पण पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. म्हणून मी त्यांच्याबरोबर गच्चीपासून तळापर्यंत हिंडलो. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले नव्हते. जनरेटरच्या बॅटऱ्या नुसत्या फळीवर ठेवलेल्या. हे दोन दिवसांचं काम होतं, त्यांनी करून घेतलं.

कॉलमचं तसं नाही. त्यांना बाहेरून सळ्या आणि काँक्रीटचं कवच घालायचं, पार्किंगमध्ये पायापासून काँक्रीटच्या भिंती उठवायच्या. त्यात गाड्यांच्या चार जागा जातात, आणि पार्किंग डॉक्टरांचं नाही, सोसायटीचं आहे. दोन सभा झाल्या. पहिलीत एक काका म्हणाले, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ दुसरीत त्यांनीच विचारलं, ‘मग तेव्हा सही का केलीत?’

तिसरी सभा येत्या रविवारी आहे. जुन्या पत्राची प्रत मी बरोबर नेणार आहे.