रुळाचा न तपासलेला पाय

अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालेल्या गाडीत चाकांचा तो जुना ठेका आता फारसा ऐकू येत नाही. रूळ एकमेकांना वेल्डिंगने जोडल्यामुळे प्रवास सुखाचा झाला, पण सगळी भिस्त त्या जोडांवर आली. मुंबई-हावडा मार्गाचा हा तुकडा भुसावळ विभागातला. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात इथला रूळ साठ अंशांच्या घरात तापतो आणि डिसेंबरच्या पहाटे दहा-बारावर येतो. थंडीत त्याला आखडायचे असते, स्लीपर आणि खडी त्याला आखडू देत नाहीत. बसवतानाच्या तापमानापेक्षा तो ३० अंशांनी थंड झाला, तर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात पन्नास टनांहून जास्त ओढ साठते. जोडात भेग दडली असेल, तर या ओढीने ती वाढते.

अशी भेग शोधायला ध्वनी वापरतात, कानाला न ऐकू येणारा, सेकंदाला वीस लाख कंपनांचा. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. रुळाच्या माथ्यावरून सोडलेली लहर १७२ मिलिमीटर खाली, तळापर्यंत जाऊन सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागात परतते. भेग आडवी आली तर त्याआधीच. माझा मुद्दा पुढे आहे. माथ्यावरून ढकलत नेलेली तपासणी-ट्रॉली कितीही चांगली असली, तरी सरळ खाली जाणाऱ्या लहरीची वाट रुळाच्या साडेसोळा मिलिमीटर जाडीच्या उभ्या पोटातून जाते. खालचा पाय मात्र १५० मिलिमीटर रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंचे पंख लहरीच्या वाटेत येतच नाहीत. थर्मिटचा, म्हणजे वितळलेल्या पोलादाचा, जोड ओतताना रुळाच्या टोकांची तापवणी कमी पडली, तर रस नीट एकजीव न होण्याचा धोका नेमका तिथे असतो. म्हणून लहर सोडणारा प्रोब हातात घेऊन, तिरप्या कोनाने, पायाचे पंख वेगळे तपासायलाच हवेत. यंत्राचा पडदा कोरा दिसला याचा अर्थ लहर गेली तिथे दोष नाही, एवढाच.

मग क्ष-किरण का नकोत? वायूचे बुडबुडे, अडकलेली मळी ते छान दाखवतात. पण किरणांच्या दिशेशी तिरपी असलेली बारीक फट फिल्मवर उमटेलच असे नाही, शिवाय किरणोत्सारामुळे आसपासची माणसे हटवावी लागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हाताची तपासणी तपासणाऱ्यावर अवलंबून असते. खरे आहे. जोडाभोवती राहिलेला उंचवटाही प्रतिध्वनी देतो, आणि अननुभवी माणूस त्यालाच भेग समजतो. उन्हात प्रोबखालचे पाणी सुकले, तर लहर पोलादात शिरतच नाही. पण यावर उपाय म्हणजे प्रशिक्षण आणि ठरावीक दोष मुद्दाम ठेवलेल्या नमुना-तुकड्यावर यंत्र पारखून घेणे. तपासणी टाळणे हा उपाय कसा होईल? इतक्या वर्दळीच्या मार्गावर त्यासाठी वाहतूक थांबवून वेळ मिळवणे अवघड, हेही मान्य. निदान जुन्या थर्मिट जोडांच्या पायांना तरी हा वेळ थंडी पडण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळायला हवा.