गिऱ्हाईक मराठीत विचारतंय

  या परिषदेची अध्यक्ष म्हणून संयोजकांनी मला विषय दिला आहे तो समाजमाध्यमांवरच्या ग्राहकशोधाचा आढावा घेण्याचा. आढावा घेते, पण थोडक्यात.

ट्विटर २००६ साली सुरू झालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी हॅशटॅगची कल्पना मांडली. २००८ मध्ये ट्विटरने समाइझ ही कंपनी विकत घेतली आणि शोधाची सोय स्वतःकडे आणली. आपल्या व्यवसायाची सुरुवात मी तिथपासून धरते. एखादा अनोळखी माणूस चारचौघांत आपली गरज बोलून दाखवतो आणि आपण ती शोधून त्याला उत्तर देऊ शकतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती. फेसबुकने २०१३ मध्ये ग्राफ सर्च आणलं आणि २०१९ पर्यंत त्याचा बराचसा भाग बंदही केला. २०२३ मध्ये ट्विटरच्या एपीआयचा, म्हणजे बाहेरच्या साधनांना पोस्ट पुरवणाऱ्या सोयीचा, मोफत वापर जवळजवळ संपला, ट्विटरचं एक्स झालं, ट्वीटडेक हे पोस्टवर लक्ष ठेवण्याचं साधन पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं आणि त्याच वर्षी रेडिटनेही एपीआयला मोठे दर लावले. थोडक्यात, दारं एकेक करून बंद होत आहेत. जी उघडी आहेत, त्यांतून आपण नीट आत जात नाही. माझं खरं बोलणं इथून सुरू होतं. हे बोलायची संधी मी अनेक वर्षं शोधत होते.

माझी तक्रार एकच आहे. आपण महाराष्ट्रात राहून मराठी गिऱ्हाइकांसाठी काम करतो आणि त्यांना शोधतो मात्र इंग्रजीतून. कीवर्डची यादी कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या ऑफिसात इंग्रजीत तयार होते. ती आपल्याकडे मेलवर येते, कोणीतरी तिचं मशीनवर मराठी करतं आणि ते तसंच शोधाच्या चौकटीत टाकलं जातं. हाती काही लागत नाही. महिन्याअखेरीस रिपोर्टमध्ये एक ओळ येते, ‘मराठीतून मागणी नाही.’ ही ओळ वाचून क्लायंटला समजावणारे लोक या सभागृहातही बसले आहेत. त्यांना मी आज जाहीरपणे सांगते, मागणी आहे. तुमच्या यादीत तिचे शब्द नाहीत.

उदाहरण देते. येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्याचं काम माझ्याकडे होतं. यादीत पहिला शब्द अर्थातच ‘पैठणी’. तो टाकला की काय येतं? ‘होम मिनिस्टर’ कार्यक्रमाच्या आठवणी येतात. गणेशोत्सवात, महिला मेळाव्यात, नगरसेवकाच्या वाढदिवसाला होणारा ‘खेळ पैठणीचा’ येतो, तोही बक्षीस समारंभाच्या फोटोंसकट. ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटावरच्या पोस्ट येतात. शांताबाई शेळक्यांची कविता येते. या सगळ्यात साडी घ्यायला निघालेली बाई कुठेच दिसत नाही.

मग वजाचं चिन्ह लावून एकेक गोष्ट गाळायची. इथे आपले नवे लोक घाई करतात. ‘खेळ’ हा शब्दच वजा करून टाकतात. पण एका ताईंनी लिहिलेलं असतं, ‘खेळात जिंकलेली पैठणी सेमी आहे की खरी, कसं ओळखायचं?’ ही तर आपली हक्काची गिऱ्हाईक! अख्खा शब्द वजा केला की तीही गेली. म्हणून वजा करायचा तो ‘खेळ पैठणीचा’ हा पूर्ण शब्दसमूह, अवतरणचिन्हांत घालून. चाळणी बारीक करताना काय खाली पडतंय, ते दर वेळी उघडून बघावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढची अडचण आपल्या भाषेच्या घडणीतून येते आणि इंग्रजी यादी करणाऱ्याला ती दिसतच नाही. मराठीत नाम बऱ्याचदा एकटं येत नाही. पैठणीचा, पैठणीला, पैठणीवर, पैठण्या, पैठण्यांचे. शोधयंत्राला बहुतेक वेळा लिहिलेला शब्द तेवढाच कळतो, त्याची भावंडं कळत नाहीत. ‘आंबा’ शोधणाऱ्याला ‘आंब्याची पेटी कोणाकडे मिळेल’ सापडत नाही. बरं, मुळाशी जावं म्हणून नुसतं ‘पैठण’ टाकावं, तर तिथल्या जायकवाडी धरणातून किती पाणी सोडलं याच्या बातम्या समोर येतात. म्हणून प्रत्येक रूप वेगळं लिहून मध्ये इंग्रजी कॅपिटलमधला ‘ओआर’ टाकायचा. यादी लांबते. लांबू दे.

भाषेची गाळणी लावा, असं काही जण सुचवतात. मी ती लावून पाहिली आहे. चार शब्दांची मराठी पोस्ट कित्येकदा हिंदी म्हणून नोंदली जाते आणि रोमन लिपीतली मराठी तर कुठल्याही भाषेच्या नावावर जाते. ठिकाणाची गाळणीही अशीच. फार थोड्या पोस्टवर ठिकाण नोंदलेलं असतं. त्यापेक्षा गावाचं नाव शब्दांतच घाला, ‘येवल्यात’, ‘नाशकात’, ‘पुण्यात’, जसं लोक लिहितात तसं.

आता ‘कुठे मिळेल’ घ्या. आपल्या सगळ्या याद्यांत हा शब्दसमूह आहे, कारण याद्या करणारे प्रमाण मराठी लिहितात. पण नागपूर-अमरावतीकडचा माणूस ‘कुठे भेटेल’ विचारतो. मराठवाड्यातही ‘भेटेल’ सर्रास चालतं. कोल्हापूर-साताऱ्याकडचा ‘कुठं मिळंल’ लिहितो, कोणी ‘कुठं गावंल’ही लिहितो. ‘भेटेल’ला नाकं मुरडणाऱ्या मंडळींनी या धंद्यात किती गिऱ्हाइकं गमावली असतील! एका बैठकीत मी हे रूप यादीत घालायला सांगितलं, तर समोरच्या तरुण व्यवस्थापकाने मला ऐकवलं, ‘मॅडम, ब्रँडच्या यादीत अशुद्ध शब्द नको.’ अहो, यादी ब्रँडची नसते, ती गिऱ्हाइकाची असते. तो शब्द ब्रँडला बोलायचा नाही, फक्त ऐकायचा आहे.

आणि रोमन लिपी? ‘कुठे’ हा एक शब्द कोणी टी-एच घालून लिहितो, कोणी नुसता टी, कोणी शेवटी ई देतो, कोणी ‘कुठं’ या उच्चाराप्रमाणे ए. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणी रोमनमध्येच मराठी लिहितात आणि पैठणीसाठी त्या चांगले पैसे मोजायला तयार असतात. त्यांची स्पेलिंगं कोणी गोळा केली आहेत? मी तरी अशी यादी कुठे पाहिलेली नाही.

ट्विटरच्या शोधात पूर्वी एक युक्ती शिकवत असत, शोधशब्दापुढे प्रश्नचिन्ह टाका म्हणजे फक्त प्रश्न वर येतील. इंग्रजीला ठीक आहे. आपला माणूस प्रश्नचिन्ह देतो का? तो लिहितो, ‘कोणाला माहीत असल्यास सांगा.’ ‘योग्य दुकान सुचवा.’ ‘जाणकारांनी मार्गदर्शन करावे.’ मार्गदर्शन करावे! या दोन शब्दांनी मला जेवढी गिऱ्हाइकं दिली, तेवढी कुठल्याही विकतच्या साधनाने दिली नाहीत. खत, सोलर पंप, मुलीसाठी क्लास, गुडघेदुखी, मुंज, फ्लॅटचं कर्ज, मराठी माणूस काहीही विचारताना शेवटी मार्गदर्शन मागतो. आणि ज्याने मार्गदर्शन मागितलंय, त्याला जाहिरात पाठवणं हा मी अपमान समजते.

इथून उत्तराकडे वळते. आपल्यात वाद चालू आहेत, काल रात्री जेवतानाही चालले होते. उत्तर सगळ्यांसमोर द्यावं की इनबॉक्समध्ये? माझा अनुभव सांगते. एका फेसबुक गटात एका बाईंनी लिहिलं होतं, आईची पैठणी घडीवर विरायला लागलीय, काय करता येईल. त्यात ‘घ्यायची’, ‘मिळेल’, ‘किंमत’ असा एकही शब्द नव्हता. आम्ही ‘विरली’, ‘उसवला’, ‘जर काळी पडली’ ही त्रासाची रूपं यादीत घातली होती, म्हणून ती पोस्ट दिसली. विक्रेत्याच्या घरातल्या ज्येष्ठ बाईंना विचारून आम्ही तिथेच उत्तर लिहिलं. हँगरला लावू नका, मलमलीच्या कापडात गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला, विरलेल्या जागी रफू करून घ्या, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दुकानाचं नाव फक्त आमच्या खात्यावर होतं, मजकुरात नव्हतं. त्या बाई गिऱ्हाईक झाल्या नाहीत, व्हायचं कारणही नव्हतं. पण त्याच उत्तराखाली इतर बायका विचारू लागल्या. खरी कशी ओळखायची? आम्ही सांगितलं, पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची देत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. आठवड्याभरात त्यातल्या काही जणी येवल्याला जाऊन आल्या. हेच उत्तर आम्ही इनबॉक्समध्ये पुरलं असतं, तर एका बाईशिवाय कोणी वाचलं नसतं. तेव्हा माझ्या लेखी हा वाद मिटलेला आहे.

आणि ते ‘किंमत इनबॉक्स केली आहे ताई’ आता बंद करा. किंमत विचारणारी बाई चारचौघांत विचारते, तिला उत्तरही चारचौघांत हवं असतं. लपवलेली किंमत बघून ती समजते की माणूस बघून भाव ठरतोय, आणि पुढच्या दुकानाकडे वळते.

दुसरा वाद यंत्राने उत्तर देण्याचा. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, वेग मिळतो. एका रुग्णालयासाठी काम करणाऱ्या चमूत मी काही काळ होते. नाव घेत नाही. यादीत ‘डायलिसिस’ शब्द होता आणि तो दिसला की तयार उत्तर आपोआप जायचं. एका मुलाने लिहिलं होतं, ‘आजी दोन वर्षं डायलिसिसवर होती. काल रात्री गेली.’ त्याच्या पोस्टखाली आमच्या सवलतीच्या पॅकेजची माहिती आणि फोन नंबर पडला. मी ती पोस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली आणि तयार उत्तरं त्याच तासाला थांबवायला सांगितलं. वरून निरोप आला, बाकी आकडे चांगले आहेत, चालू ठेवा. मी ते काम सोडलं. यंत्राने पोस्ट शोधून माझ्यासमोर ठेवावी, वर्गवारीही करावी, त्याला माझी ना नाही. पण उत्तर पाठवण्यापूर्वी ती पोस्ट मराठी कळणाऱ्या माणसाने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलीच पाहिजे. ‘गेली’ म्हणजे कुठे गेली, हे ज्याला कळत नाही त्याने उत्तर देऊ नये.

कोणी कायद्याचा आधार घेतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे, मग आपल्याला काय अडचण? कायद्याची अडचण नसेलही. पण ज्याने आजाराबद्दल, घटस्फोटाबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल लिहिलंय, तो आपल्या माणसांशी बोलत होता. तिथे बोलावल्याशिवाय जाऊ नये, असं मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलीला सांगते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते, कारण माझ्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. आपल्या एजन्सींमध्ये पोस्ट वाचायचं काम कोणाकडे असतं? सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या मुलीकडे. ती लातूरहून, यवतमाळहून, चिपळूणहून आलेली असते. ‘भेटेल’ आणि ‘गावंल’ तिला कळतं, ‘सेमी’ म्हणजे काय ते कळतं, कोण खरंच घेणार आहे आणि कोण नुसती चौकशी करतंय तेही कळतं. डॅशबोर्ड बनवणारा मात्र तिच्या तिप्पट कमावतो आणि बैठकीत तोच बोलतो. तिने सुचवलेला शब्द यादीत घ्यायला तीन जणांची मंजुरी लागते. मराठीत मागणी नाही, हा निष्कर्ष अशा व्यवस्थेतून येतो. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

पुढच्या वर्षासाठी कामं सांगायची प्रथा आहे. प्रदेशवार बोलींतल्या विचारण्याच्या रूपांची एक सामाईक यादी व्हायला हवी. रोमन स्पेलिंगांचीही. ती कोणी ठेवायची, खर्च कोणी करायचा, हे कार्यकारिणीने ठरवावं. त्यासाठी माझ्याकडे साठलेल्या सगळ्या याद्या मी द्यायला तयार आहे. वाचणाऱ्या मुलामुलींच्या पगाराचा आणि बढतीचा काही किमान नियम आपण मान्य करावा, अशीही सूचना आहे. तपशील नंतर बोलू.

दुपारच्या सत्राआधी मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवायला सांगितले आहेत. तुमच्या गावात ‘कुठे मिळेल’ कसं विचारतात, ते आपल्या गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट लिहून द्या. शुद्धलेखन तपासू नका. आधी यवतमाळ, लातूर आणि चिपळूणच्या मुलींनी लिहावं, मग आम्ही बाकीचे लिहू.