पकड एकाच्या नावावर, जोखीम सगळ्यांची

(लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी एपिसोडचा पूर्ण मजकूर. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आज बोलायचंय डिफेन्सवर. म्हणजे ज्या गोष्टीचं रील सहसा कोणी बनवत नाही, त्यावर.

प्रश्न साधा आहे. कबड्डीत पकड झाली की स्क्रीनवर एकाच खेळाडूचं नाव झळकतं. बास्केटबॉलमध्ये कोणी शॉट ब्लॉक केला की तिथेही एकच नाव. पण ते नाव यायच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत बाकीचे काय करत होते? माझं म्हणणं असं आहे की संघाचा डिफेन्स त्या तीन-चार सेकंदांत ठरतो. आणि तिथे सगळ्यात मोठी जोखीम घेणाऱ्या माणसाचं नाव बहुतेक वेळा कुठेच लिहिलं जात नाही.

दोन्ही खेळ एकत्र का घेतोय? खाडीपलीकडे वरळीला एनएससीआयचा डोम आहे ना, त्याच्यामुळे. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना तिथे झाला, यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आणि त्याच डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. होते सीझनच्या आधीचे सराव सामने, पण पहिलाच ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला. एकच छप्पर, एकदा मॅट आणि एकदा लाकडी कोर्ट.

आता त्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक कोण? विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा. पुढे अमेरिकेत जाऊन सॉफ्टवेअर कंपनी काढली, आणि २०१३ मध्ये किंग्ज विकत घेणाऱ्या गटाचे ते प्रमुख झाले. पण त्याच्या आधीची त्यांची एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने ती ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिली होती.

रणदिवे कॅलिफोर्नियात आपल्या मुलीच्या संघाला कोचिंग करत होते. मुली बारा वर्षांच्या. बहुतेकींना नीट ड्रिबल येत नव्हतं, शूटिंग तर सोडाच. आणि कोच क्रिकेट-फुटबॉलमध्ये वाढलेला. त्यामुळे त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. एका संघाने बास्केट केली की तो सरळ मागे पळून आपल्या बास्केटपाशी उभा राहतो, आणि समोरच्याला बॉल आरामात अर्ध्या कोर्टापर्यंत आणू देतो. का म्हणून आणू द्यायचा?

म्हणून त्यांनी पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, आणि तोही सगळा वेळ. बॉल आत टाकायला पाच सेकंद मिळतात आणि अर्धं कोर्ट ओलांडायला दहा. मुलींनी त्या सेकंदांवरच हल्ला केला. समोरच्या चांगल्या खेळणाऱ्या मुली गोंधळल्या, पास चुकले, आणि हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला.

यातलं गणित बघा. बॉल ज्या मुलीकडे आला, तिच्यावर दोघी धावून गेल्या. म्हणजे समोर उरल्या चार आणि आपल्याकडे उरल्या तीन. तिघींनी चौघींना सांभाळायचं. कोणीतरी एक मोकळी राहणारच. मग हे चालतं कसं? चालतं, कारण मागच्या तिघी त्याच क्षणी एकेक पाऊल सरकतात, आणि पास जायची शक्यता सगळ्यात जास्त जिथे असेल तिथे जाऊन उभ्या राहतात. त्यातली एक जरी म्हणाली की ‘मी माझ्या मुलीला सोडणार नाही’, तर सगळा डाव फसला.

मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये असा सतत प्रेस चालत नाही. तिथले खेळाडू बॉल इतका सफाईने हाताळतात की दोघं अंगावर गेले तर ते सरळ पास काढून देतात. पण गणित तेच राहतं. समोरचा ड्रिबल करत तुमच्या माणसाला मागे टाकून बास्केटकडे निघाला, की दुसऱ्याला मदतीला जावं लागतं. तो आपला माणूस सोडून जातो. त्याच्या माणसाकडे तिसऱ्याने सरकायचं, तिसऱ्याच्या माणसाकडे चौथ्याने. याला रोटेशन म्हणतात. पाचही जण बरोबर फिरले तर चोवीस सेकंद संपत येतात आणि समोरच्याला घाईत वाकडातिकडा शॉट मारावा लागतो.

आणि तिसरा सरकलाच नाही तर? मदतीला गेलेल्याचा माणूस मोकळा सुटतो आणि आरामात बास्केट करतो. बाहेरून बघणारे ओरडतात, ‘अरे, तुझा माणूस सुटला!’ म्हणजे मदतीला गेला त्यालाच बोल.

आता कबड्डीत या. इथे हा हिशोब अजून निर्दय आहे.

समजा डावा कॉर्नर रेडरच्या घोट्यावर झेपावला. शेजारच्या कव्हरकडे अर्धा सेकंद आहे. जायचं की नाही? नियम काय सांगतो बघा. पकड यशस्वी झाली तर संघाला गुण सहसा एकच, मग एकाने पकडला असो नाहीतर चौघांनी. आकड्यांत हा गुण जातो पकड सुरू करणाऱ्याच्या नावावर. पण रेडर सुटला आणि मध्यरेषेला टेकला, तर जितक्यांनी त्याला धरलं होतं तितके सगळे बाद. तितके गुण समोरच्याला, आणि त्यांचे तितके गडी जिवंत.

म्हणजे कव्हरच्या बाजूने विचार करा. तो गेला आणि पकड झाली, तर नाव कॉर्नरचं. तो गेला आणि पकड फसली, तर कॉर्नरसोबत तोही बाहेर. आणि तो गेलाच नाही, तर बाद होईल फक्त कॉर्नर, हा आपला मॅटवर सहीसलामत. स्वतःपुरता हिशोब केला तर त्याने जागेवरून हलूच नये!

पण एकटा कॉर्नर ताकदवान रेडरला किती वेळा थांबवणार? घोटा हातात आला तरी रेडरचं सगळं वजन मध्यरेषेकडे धावत असतं. ते वजन थांबवायला दुसरा माणूस लागतो. तो कमरेला मिठी घालतो किंवा मध्यरेषेच्या वाटेत आडवा येतो. आणि गंमत अशी की दुसरा येणार याची खात्री असेल तरच पहिला मनापासून झेपावतो. खात्री नसेल तर तो अर्धवट हात टाकतो. अर्धवट हात टाकला की रेडरला फुकटचा स्पर्श मिळालाच म्हणून समजा.

ही खात्री तयार कशी होते? एकत्र खेळून. यू मुम्बा पहिल्या तिन्ही सीझनमध्ये अंतिम फेरीत होती, आणि २३ ऑगस्ट २०१५ ला याच डोममध्ये बेंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून विजेती झाली. अनुप कुमार कॅप्टन, म्हणून चर्चा त्याची झाली, आणि ती योग्यच होती. पण मागे उजव्या कॉर्नरला मोहित छिल्लर आणि डाव्याला सुरेंदर नाडा, आणि मध्ये जीवा कुमार, आपला विशाल माने यांच्यासारखे अनुभवी कव्हर. छिल्लर आणि नाडा नंतर यू मुम्बा सोडून गेले, तर कुठे गेले? चौथ्या सीझनला दोघंही बेंगळुरू बुल्सकडे. पाचव्याला दोघंही हरियाणा स्टीलर्सकडे. लिलावात किंमत एकेका खेळाडूची लागते, पण संघांना हवी होती ती जोडी.

आता तुम्ही म्हणाल, मग एकट्या स्टारला काहीच किंमत नाही का? आहे. पुणेरी पलटणचं उदाहरण घेऊ. दहाव्या सीझनसाठी त्यांनी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. डावा कॉर्नर. त्याने त्या सीझनमध्ये पकडींचे ९९ गुण मिळवले, सगळ्यांत जास्त. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. पुढच्या सीझनला शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेती. ही चांगलीच मोठी साक्ष झाली, ती मी नाकारत नाही.

पण शादलू खेळतो कसा ते आठवा. तो धाडसी आहे. रेडरने पूर्ण जवळ यायची वाट न बघता तो पुढे घुसतो. असा माणूस पुढे गेला की त्याच्यामागे कॉर्नरला खिंडार पडतं. ते बुजवायला शेजारी सरकणारी माणसं लागतात. पलटणकडे कव्हरला अबिनेश नादराजन, संकेत सावंत, दुसऱ्या टोकाला गौरव खत्री असे गडी होते. ९९ गुण शादलूचेच, त्यात वाद नाही. पण मागे भिंत आहे हे माहीत असलेला माणूसच असं धाडस रोज करू शकतो. ज्या संघात ती भिंत नाही तिथे हेच धाडस आततायीपणा ठरतं, आणि दहा मिनिटांत लोण चढतो.

अजून एक गोष्ट, जी आकड्यांत अजिबात दिसत नाही. रिकामी चढाई. रेडर आला, तीस सेकंद इकडून तिकडे फिरला, बोनस मिळाला नाही, स्पर्श मिळाला नाही, परत गेला. आपण म्हणतो, काहीच झालं नाही. अहो, खूप झालं! साखळ्यांनी अंतर राखलं, कॉर्नरने बोनस रेषेवर डोळा ठेवला, कोणी मोहाला बळी पडलं नाही. अशा लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ होते. मग रेडरला यावंच लागतं, आणि डिफेन्सला माहीत असतं की तो येणार. म्हणजे त्या तिसऱ्या चढाईतल्या पकडीची तयारी आधीच्या दोन चढायांत झालेली असते. पण त्या दोन चढायांसाठी कुठल्याच डिफेंडरच्या नावापुढे काही जमा होत नाही.

बास्केटबॉलवाल्यांना हा प्रश्न आधीच पडला होता. २००९ मध्येच मायकल लुईसने शेन बॅटिए या खेळाडूवर एक मोठा लेख लिहिला. तो तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळायचा. गुण साधारण, रिबाउंड साधारण, ब्लॉक साधारण. पण तो कोर्टवर असताना त्याचा संघ जास्त चांगला खेळायचा आणि समोरचा स्टार जास्त अवघड जागेवरून शॉट मारायचा. रॉकेट्स खेळाडू वेगळ्या पद्धतीने मोजत होते. याने स्वतः काय केलं एवढंच न बघता, हा खेळत असताना दोन्ही संघांचं काय झालं हेही मोजायचं.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? तुमच्यातले कितीतरी जण स्वतः खेळता. घणसोली, करावेपासून पनवेल, उरणपर्यंत गावागावांत कबड्डी खेळली जाते. आपल्याकडे या खेळाने पोरांना पोलिसात, रेल्वेत, भारत पेट्रोलियमसारख्या कंपन्यांत नोकऱ्या दिल्यात. निवड चाचणी म्हणजे घरच्यांसाठी मोठी गोष्ट असते. तिथे निवडणाऱ्याने फक्त कोणी किती पकडी केल्या एवढंच लिहिलं, तर काय होईल? प्रत्येक कव्हर पकडीच्या मागे लागेल. साखळीतला हात सोडून पुढे उडी मारेल. कारण हात धरून जागेवर थांबण्याचे मार्क नाहीत. मग निवडला जाईल सात शिकाऱ्यांचा संघ, आणि पहिल्याच चतुर रेडरसमोर तो उघडा पडेल. आणि ज्या पोराने दिवसभर दुसऱ्याच्या पकडीला खांदा दिला, तो घरी जाईल.

म्हणून एक काम सांगतो. पुढचा सामना बघाल तेव्हा, गावच्या मैदानात असो की मोबाईलवर, दहा चढायांपुरतं रेडरकडे बघू नका. एका कव्हरवर नजर ठेवा. तीन गोष्टी मोजा. शेजाऱ्याने झेप घेतली तेव्हा हा पोचला का? शेजारी पुढे गेल्यावर त्याची जागा याने झाकली का? आणि हा मॅटवर असताना किती चढाया रिकाम्या गेल्या? बास्केटबॉल बघत असाल तर बॉल सोडून लांबच्या कोपऱ्यातल्या डिफेंडरकडे बघा. बॉल त्याच्यापर्यंत येण्याआधी तो सरकतो का, मागून ओरडून पुढच्याला सावध करतो का.

कोचिंग करणारे कोणी ऐकत असतील तर त्यांना विनंती. वहीत एक रकाना वाढवा. ‘दुसरा कोण पोचला?’ एवढंच वर लिहा आणि सामना संपला की सगळ्यांसमोर ती नावं वाचून दाखवा. पैसे लागत नाहीत, अ‍ॅप लागत नाही. दोन आठवड्यांत पोरं स्वतःच विचारायला लागतील, ‘सर, माझं नाव किती वेळा आलं?’

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या संघात असा दुसरा माणूस कोण आहे, ते कळवा. आणि एपिसोड शेअर करायचाच असेल तर आधी त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.