इंजिनाची टकटक

चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, की काही जुन्या गाड्यांच्या बॉनेटखालून आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन नॉक करतंय.’ अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये जुन्या ‘मसल कार’ पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींची ही नेहमीची डोकेदुखी.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत भलंथोरलं आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओचं इंजिन ६.४ लिटरचं, पेट्रोल-हवेचं मिश्रण त्यात पावणेअकरा पट दाबलं जाई. ठिणगी पडल्यावर हे मिश्रण क्रमाने जळत जायला हवं. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं, की नॉक झालं. ते चालू राहिलं, तर पिस्टन फुटतो.

त्या काळी यावरचा उपाय पेट्रोलमध्येच असे. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना असं आढळलं, की शिशाचं एक संयुग मिसळलं तर नॉक थांबतं. पण धुरातून येणारं ते शिसं मुलांच्या मेंदूला घातक. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर बंदी आली, आपल्याकडे २००० मध्ये ते गेलं. २०२१ मध्ये अल्जेरियातही विक्री थांबली आणि जगभरातल्या मोटारींसाठी ते संपलं. इंजिन मात्र जुन्याच पेट्रोलाच्या हिशेबाने बांधलेलं.

म्हणून अनेकजण आधी पेट्रोललाच दोष देतात आणि ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या आणतात. तपासाचा क्रम वेगळा हवा. पहिला प्रश्न, आवाज कधी येतो? रिकामं इंजिन चालू असतानाही खोल ठोके पडत असतील आणि ऑइलचं प्रेशर कमी असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. गाडी तशीच चालवू नये.

आवाज फक्त भार पडल्यावर येत असेल, तर टायमिंग पाहावं. इथे एक फसगत असते. क्रँकशाफ्टच्या पुढच्या डँपरवर टायमिंगची खूण असते. त्याचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. रबर जुनं झालं की कडं सरकतं आणि खूण खोटी ठरते. टायमिंग लाइट दहा अंश दाखवते, प्रत्यक्षात ठिणगी त्याच्या बरीच आधी पडत असते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन नेमका वर कधी येतो, ते मोजून खूण पक्की करावी. मग इंजिनाचा वेग वाढवून एकूण ॲडव्हान्स किती होतो, तेही पाहावं. डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा ढिल्या असतील, तर तो फार लवकर वाढतो.

यानंतर इंजिन तापतं का, कार्बुरेटर पेट्रोल कमी देतो का, सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का, हे बघावं. सगळं ठीक असूनही टकटक राहिली, तर मात्र पेट्रोलाला इंजिनाचा दाब सोसत नाही, असं समजावं. माथ्यावर खोलगट असलेले पिस्टन बसवून दाब कमी करता येतो. थोडी ताकद जाते. पण इंजिन टिकतं, आणि त्यासाठी कुणाच्या मुलाच्या श्वासात शिसं घालावं लागत नाही.