प्रोस्टेट कर्करोग : सरसकट तपासणीचा वाद

कर्करोग लवकर सापडला की रुग्ण वाचतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत मात्र ती तपासून पाहावी लागते. पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली ही ग्रंथी ‘पीएसए’ नावाचे प्रथिन तयार करते. त्याचे रक्तातील प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली, ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. रोग हुडकण्यासाठीची मान्यता १९९४ मधील. तोवर निरोगी पुरुषांच्या तपासण्या तेथे सर्रास होऊ लागल्या होत्या.

अडचण अशी, की हे प्रमाण ग्रंथी वयोमानाने वाढल्यास किंवा तिला जंतुसंसर्ग झाल्यासही वाढते. शिवाय अनेक गाठी इतक्या संथ वाढतात, की त्या आयुष्यभर त्रास देत नाहीत. अशी गाठ शोधणे म्हणजे अतिनिदान होय. त्यापुढील शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने लघवीवरील ताबा सुटणे, नपुंसकत्व येणे असे परिणाम संभवतात. म्हणजे काही निरोगी माणसे तपासणीमुळेच रुग्ण होतात.

युरोपात सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांच्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. हाच आकडा दुसऱ्या रीतीने मांडता येतो : मृत्यूचे प्रमाण १.६ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. दर ४५६ पुरुषांना तपासणीस बोलावल्यावर एक मृत्यू टळला. परीक्षार्थींनी दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. वादाचे मूळ तेथेच आहे. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात असा लाभ दिसला नाही. पण तेथे तुलनेच्या गटातील पुष्कळांनी परस्पर चाचणी करून घेतली होती.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१२ मध्ये सरसकट तपासणीविरुद्ध शिफारस केली. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी, डॉक्टरांशी विचारविनिमय करून व्यक्तीने निर्णय घ्यावा, असा बदल झाला. सत्तरीनंतर मात्र नकार कायम राहिला. दरम्यान, सौम्य गाठीवर उपचार न करता केवळ लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ होत गेल्याने वादाची धार काहीशी कमी झाली.

भारतात २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी लोकसंख्याधारित तपासणीसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग निवडले. ही निवड योग्यच म्हणावी लागेल. लघवीस अडथळा, लघवीतून रक्त, हाडांचे सततचे दुखणे घेऊन येणाऱ्या रुग्णाची चाचणी हा या वादाचा विषयच नव्हे. ती त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात वेळेवर मिळते का, हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे.