घड्याळाचे झाकण कोणी उघडायचे?

(शीव कोळीवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माझा आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मी भाषा शिकवणारा बी.ए., बी.एड. शिक्षक, आणि बोलणार आहे मनगटावरच्या स्मार्टवॉचबद्दल. पण हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क किती, आणि आपल्या मुलांच्या हाती कोणता हुनर द्यायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे एच.एम.टी.चे घड्याळ अजून असेल. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला या घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पुढे परीक्षा पास झालेल्या मुलाला किंवा लग्नात नवरदेवाला हे घड्याळ देण्याची रीतच पडून गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण म्हणून लोकांच्या मनगटावरची घड्याळे थांबली नाहीत. चावी दिली की ती चालतात. बिघडली तर नाक्यावरचा घड्याळजी झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो आणि आतले चाक बदलून देतो. कंपनी गेली, पण विद्या लोकांजवळ राहिली.

आता त्याच २०१६ सालची दुसरी गोष्ट ऐका. अमेरिकेत पेबल नावाचे स्मार्टवॉच निघाले होते. एरिक मिजिकोव्स्की या तरुणाने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे भांडवल मागितले, तेव्हा सुमारे ६९ हजार लोकांनी मिळून १ कोटी २ लाखांहून अधिक डॉलर दिले. पुढे अशी वीस लाखांवर घड्याळे विकली गेली. पण डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली आणि तिची मालमत्ता फिटबिट कंपनीने घेतली. ३० जून २०१८ रोजी पेबलच्या सेवाही बंद करण्यात आल्या. घड्याळ तेच, बॅटरी चांगली, काचेला ओरखडा नाही. पण हवामान सांगणे, नवे कार्यक्रम उतरवून घेणे, ही कामे एका दिवसात संपली असती. येथे घड्याळजी काय करणार? झाकण उघडले तरी आत चाक नाही, स्प्रिंग नाही. आत आहे ते फर्मवेअर, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

फर्मवेअर म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगतो. स्मार्टवॉचच्या चिपमध्ये सूचनांची एक यादी लिहून ठेवलेली असते. बटण दाबले तर काय करायचे, पडद्यावर आकडा कसा काढायचा, बॅटरी कधी वाचवायची, हे सर्व त्या यादीत असते. ही यादी माणसाला वाचता येईल अशा भाषेत आधी लिहितात. तिला सोर्स कोड म्हणतात. मग तिचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करून ती चिपमध्ये भरतात. बहुतेक कंपन्या आपल्याला फक्त आकडे देतात आणि मूळ लिखाण स्वतःजवळ ठेवतात. जे मूळ लिखाणच सर्वांना वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळे असते, त्याला ओपन सोर्स म्हणतात. पहिले म्हणजे हॉटेलातून आणलेली तयार बिर्याणी. दुसरे म्हणजे बिर्याणीबरोबर तिची कृतीही.

पेबलचे पुढे काय झाले? वापरणारे लोक आणि कंपनीतील काही जुने कर्मचारी एकत्र आले. रेबल या नावाने त्यांनी कार्यक्रमांचा साठा जतन केला, स्वतःच्या सेवा उभ्या केल्या आणि घड्याळे चालू ठेवली. दरम्यान फिटबिट गूगलने विकत घेतली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या फर्मवेअरचा बराचसा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीचे काही भाग, उदाहरणार्थ ब्लूटूथचा भाग, त्यातून वगळावे लागले होते. त्यांची जागा पुढे मोकळ्या पर्यायांनी भरून काढली गेली. मिजिकोव्स्की यांनी त्याच वर्षी याच फर्मवेअरवर चालणारी नवी घड्याळे बाजारात आणली. नऊ वर्षांपूर्वी मेलेली वस्तू पुन्हा उभी राहिली, कारण तिला जिवंत ठेवण्याइतकी विद्या लोकांनी कमावली होती.

याहून साधे उदाहरण वॉची या घड्याळाचे आहे. ते पहिल्यापासूनच खुले आहे. त्याचा नकाशा आणि फर्मवेअर दोन्ही कोणालाही पाहता येतात. त्यात ई.एस.पी.-३२ जातीची चिप, चार बटणे, २०० मिलिअँपिअर-अवरची लहानशी बॅटरी आणि दीड इंचाचा ई-पेपरचा पडदा आहे. या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेचा झटका दिला की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि वीज बंद केली तरी तेथेच राहतात. म्हणजे छापील कागदासारखा हा पडदा चित्र बदलतानाच वीज खातो आणि भर उन्हात उत्तम वाचता येतो. (पेबलच्या पडद्यालाही ई-पेपर म्हणत, पण तो वेगळ्या जातीचा, फार थोड्या विजेवर चालणारा एल.सी.डी. होता.) म्हणून वॉचीचे फर्मवेअर एक युक्ती करते. मुख्य चिप झोपलेली असते. वेळ मोजणारे सर्किट तिला दर मिनिटाला उठवते. ती आकडा बदलते आणि पुन्हा झोपी जाते. अशाने एका चार्जवर काही दिवस निघतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता आपल्या कोळीवाड्याकडे येऊ. आपल्या स्टेशनचे नाव आज गुरु तेग बहादूर नगर असले, तरी जुनी माणसे त्याला कोळीवाडाच म्हणतात. ही मूळची कोळी बांधवांची वस्ती. भरती-ओहोटीवर त्यांचा संसार चालला. आज मासेमारी न करणाऱ्यांनाही भरतीशी कर्तव्य आहेच. समुद्राला मोठी भरती, साडेचार मीटरच्या वर, आणि त्याच वेळी धो धो पाऊस, असा योग आला की शीव, गांधी मार्केट आणि हिंदमाता येथे पाणी तुंबते, कारण पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपल्या आई-वडिलांना विचारा.

मग आपल्या मनगटावरच्या घड्याळाने आजची भरती केव्हा आणि किती, हे का सांगू नये? कोणतीही परदेशी कंपनी हे आपणहून करणार नाही. तिला शीव कोळीवाडा ठाऊक नाही. पण खुल्या फर्मवेअरमध्ये ते आपल्याला बसवता येईल. हिशेब पाहा. एका भरतीपासून दुसरी सरासरी १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा साधारण ५० मिनिटे उशिरा. वर्षात सुमारे ७०५ भरत्या होतात. छापील कोष्टकातील प्रत्येक भरतीची वेळ आणि उंची लिहायला चार बाइट धरले, तरी सगळे वर्ष तीन हजार बाइटांच्या आत मावते. त्या चिपमध्ये जागा आहे चाळीस लाख बाइटांहून अधिक!

तीच गोष्ट आपल्या लिपीची. देवनागरीत 'कि' लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचा घोळ आणखी निराळा. लहान फर्मवेअरला एवढे सगळे येत नाही. पण ० ते ९ हे दहा आकडे आणि सात वारांची नावे मिळून अवघी सतरा लहान चित्रे होतात. चौकटीच्या कागदावर काळे-पांढरे ठिपके भरून सातवीतली मुलगीही ती काढू शकेल, आणि घड्याळ मराठी बोलू लागेल.

यासाठी काय लागते? एक साधा संगणक, एक केबल, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आणि सी भाषेची तोंडओळख. घड्याळच हवे असेही नाही. ई.एस.पी.-३२ चे सुटे बोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळतात. सुरुवात त्यावर करावी. पवईच्या आय.आय.टी.चा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मोफत देतो आणि त्यांतील बरेच धडे मराठीतही आहेत. मात्र तीन पथ्ये पाळा. लिथियमच्या बॅटरीला टोचू नका आणि तिची टोके एकमेकांना लागू देऊ नका. बदल करण्याआधी मूळ फर्मवेअरची प्रत जपून ठेवा. आणि दुसऱ्याच्या लिखाणावर काम केले असेल तर त्याचे नाव पुसू नका; खुले म्हणजे बेवारस नव्हे.

पालकहो, आपण विचाराल, "मास्तर, यातून नोकरी मिळेल काय?" खोटे आश्वासन मी देणार नाही. पण असाच चिपवरचा कार्यक्रम विजेच्या मीटरमध्ये, लिफ्टमध्ये आणि रुग्णालयातील यंत्रांतही असतो. घड्याळावर हात बसलेल्या मुलाला पुढचे शिक्षण परके वाटत नाही. आपल्या वस्तीत मोबाईल दुरुस्त करणारी हुशार मुले थोडी नाहीत. पडदा आणि बॅटरी बदलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण मूळ लिखाण वाचता येत नाही म्हणून ती त्याच पायरीवर थांबतात. पुढची पायरी चढण्यासाठी भांडवलापेक्षा वाचनाची आणि चिकाटीची गरज अधिक आहे. तेव्हा मुलाच्या किंवा मुलीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला तर तो हिसकावून घेऊ नका. मुलीच्या तर मुळीच नको. तिला तो फार उशिरा मिळतो.

आणि मुलांनो, महागडे स्मार्टवॉच हवे म्हणून घरी हट्ट धरण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न विचारा : "कंपनी बंद पडली तर हे चालेल का?" तो काय उत्तर देतो ते लक्षपूर्वक ऐका. वस्तू विकत घेतल्याने आपण तिचे धनी होतो, हे अर्धेच खरे आहे. ती आतून कशी चालते हे ज्याला कळते आणि गरज पडल्यास जो ती बदलू शकतो, तो पुरता धनी. तसे धनी आपल्या शाळांतून निघावेत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.