सांधेदुखी : वयाला दोष देऊ नका, आजार ओळखा





सांधेदुखीवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, हा विषय आमच्या नानी-दादीचा, आमचा नाही. मलाही तसंच वाटायचं. मी फिजिओथेरपी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. साताऱ्यात आमच्या घरी अम्मी फजरला वजू करायला उठायची आणि नळ उघडायला मला हाक मारायची. तिची बोटं वळायचीच नाहीत. जोहरला मात्र तोच नळ ती स्वतः उघडायची. तेव्हा तिचं वय होतं ४१. आम्ही म्हणायचो, थंड पाण्यानं होत असेल. कुणीतरी एका औषधवाल्याची पुडी आणून दिली. तीन दिवसांत दुखणं गायब! अम्मीनं ती पुडी दीड वर्ष घेतली. चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली आणि बोटं वाकडी झाली ती कायमचीच. या आजाराचं प्रकरण मी पुस्तकात वाचलं होतं. पण समोर बसलेल्या आईत मला तो दिसला नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. संधिवात हा एक आजार नाही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते. वय, वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम ही त्याची कारणं. गुडघा चालताना, जिना चढताना दुखतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो, पण दिवसभराच्या कामानंतर इशापर्यंत दुखणं वाढतं.

दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. अम्मीला होता तो हा. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो, थकवा येतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पट जास्त आढळतो आणि ऐन तिशी-चाळिशीत गाठतो.

तिसरा तुमच्या वयाचा. विशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखून जाग येते, फिरल्यावर बरं वाटतं, आराम केला की पुन्हा आखडते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय. हा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. बाइक फार चालवतोस म्हणून सोडून देऊ नका. याशिवाय युरिक अॅसिडमुळे पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकतो, तो गाऊट. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी तर महाराष्ट्रानं २००६ च्या साथीत घरोघरी पाहिली.

डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं. आमवात मात्र दोनशे माणसांत साधारण एकाला. म्हणजे दुखणाऱ्या बहुतेकांना आमवात नसतो. पण ज्याला असतो, त्याचे पहिले महिने वाया गेले की सांध्यांची झालेली हानी भरून येत नाही.

आता उपचार. झिजेच्या संधिवातात मांडीचे स्नायू मजबूत करणं हेच मोठं औषध. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. शेवटी सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे.

आमवातात फक्त वेदनाशामक गोळ्यांनी भागत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आजारालाच आवर घालतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बाळ हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण गरोदरपणात ती चालत नाही. रमजानमध्ये औषध मनानं बंद करू नका, वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पुड्यांपासून सावध राहा. ज्या पुडीवर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि जी दोन-तीन दिवसांत जादू करते, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. पण कुणी ती महिनोन् महिने घेत असेल तर एकदम थांबवू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

आणि हळद? सांगलीत उभं राहून हळदीला नावं कोण ठेवेल! जेवणात खा, दुधातून प्या. पण आमवात तिच्यानं थांबत नाही.

आपल्या भागात उपचारांची परंपरा जुनी आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. आज मिरजेत आणि साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण तिथवर आईला नेणार कोण? आपल्या घरांतल्या बायका दुखणं सांगत नाहीत. भाकरी थापताना बोटं दुखली तरी ‘सब्र’ म्हणून गप्प राहतात. भावांनो, उपचार टाळणं म्हणजे सब्र नव्हे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ज्या दीननं आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत दिली, तो दुखणं लपवायला सांगत नाही.

अम्मी आज योग्य औषधं घेते. सूज नाही, नवीन सांधा बिघडलेला नाही. नळ मात्र आम्ही बदलला, लांब दांड्याचा बसवला. तो ती कोपरानं उघडते.

आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, “अम्मी, सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” उत्तर तासाभराचं असेल, बोटं सुजलेली असतील, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

अल्लाह आपल्या सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.